जास्तीचा दात

सोमवारी सकाळी कलाकेंद्राच्या दारावर नवं पत्रक लागलं आणि बत्तिशी ते वाचायला दोनदा रस्ता ओलांडून गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा विश्वास बसला नाही म्हणून परत आली. दुसऱ्यांदा गेली ती विश्वास बसला होता म्हणून.

हे पत्रक म्हणजे गावातल्या अ‍ॅनिमेशनवाल्यांचं छोटंसं वर्तमानपत्रच. वाळूत चित्रं काढून सिनेमा करणारं एक जोडपं दूरच्या मेळाव्याहून परतलं होतं, बक्षिसाविना पण भरपूर ओळखी घेऊन. जाहिरातींची कार्टूनं काढणाऱ्या दोघा भावांनी रविवारचा वर्ग सुरू केला होता. आणि या सगळ्याच्या खाली, जाड अक्षरांत: यंदाचा अ‍ॅनिमेशन दिवस पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात होणार, आणि त्याची सुरुवात गावातच तयार झालेल्या बाहुलीपटाने, ‘आजी आणि कबूतर’ने. त्याखाली बारीक अक्षरांत त्या सिनेमाला हात लावलेल्या सगळ्यांची नावं होती. ‘तोंडं’ असं लिहून पुढे तिचं नाव होतं.

तोंडं. तिने काचेवर बोट ठेवून शब्द पुन्हा वाचला.

बत्तिशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती कवळ्या करते. गावातले दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेतात आणि तिच्याकडे पाठवतात. ती त्यात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवते, मग गुलाबी अ‍ॅक्रिलिकची कवळी गरम पाण्यात शिजवून, घासून, चकचकीत करून परत देते. तिची लॅब म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक वस्तूवर, चहाच्या कपाच्या कानावरसुद्धा, पांढरी पूड. गल्लीतल्या कुणीतरी गमतीने बत्तिशी म्हटलं आणि ते चिकटलं. नवरा शाळेची बस चालवतो. पाहुणे आले की त्याचा एक ठरलेला विनोद असतो: “लोक म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही. आमच्याकडे या, दाखवतो.”

या कामाचा एक विचित्र नियम आहे. कवळी चांगली झाली तर कुणाला दिसत नाही. दिसली, म्हणजे बिघडली. वीस-बावीस वर्षं तिने असं न दिसणारं काम केलं होतं. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की ती डोळ्यांकडे आधी बघायचीच नाही. दात नीट बसलेत ना, एवढं बघून घ्यायची, आणि मग ओळख द्यायची. लोकांना वाटायचं, बाई जरा शिष्ट आहे.

म्हणून तर वसंतात ती मुलगी दारात उभी राहिली तेव्हा बत्तिशीला आधी काही कळलंच नाही.

मुलगी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहून बाहुल्यांचे सिनेमे करायची. मनगटात बांगड्यांसारखे चिकटपट्टीचे रोल, म्हणून तिला सगळे चिकटपट्टीच म्हणत. दाढ भरून घ्यायला दंतवैद्याकडे गेली होती, तिथे भूल उतरायच्या आतच वाकड्या तोंडाने तिने विचारलं होतं, “तुम्ही दात कुठे करून घेता?”

“ताई, मला तोंडं हवीत,” ती म्हणाली. “पुष्कळ.”

“कुणाची?”

चिकटपट्टीने पिशवीतून टीचभर उंचीची म्हातारी काढली. कापसाचे केस, लोकरीचा स्वेटर, चष्मा. नाकाखाली मात्र मोकळी जागा. मग एका डबीतून मातीची नखाएवढी तोंडं काढून टेबलावर ओतली. एक ‘आ’ म्हणणारं, एक ‘ऊ’ म्हणणारं, एक मिटलेलं, एक चिडलेलं. बाहुली केसभर हलवायची, तोंड बदलायचं, फोटो काढायचा. पुन्हा हलवायची, पुन्हा बदलायचं. असे हजारो फोटो भराभर दाखवले की म्हातारी बोलू लागते. सिनेमा अर्धा झाला होता. पण दिव्यांच्या उष्णतेने मातीची तोंडं मऊ पडत होती, ओठ ओघळत होते.

“आजी भांडताना एकदम बावळट दिसायला लागते,” चिकटपट्टी म्हणाली. “तुमची तोंडं वितळत नाहीत ना?”

“माझी तोंडं गरम चहा पितात,” बत्तिशी म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या टेबलावर माणसांच्या जबड्यांशेजारी आजींची तोंडं दिसू लागली. भिंगाखाली धरून, सुईच्या टोकाने ती एकेक दात बसवायची, तिळाएवढा. जेवायला बोलावलं तर “आले, हा एवढा ‘ई’ संपवते” म्हणायची. नवऱ्याने एकदा बशीतली गुलाबी गोळी समजून एक ‘ओ’ जवळजवळ तोंडातच टाकला. सासूबाईंना तर आजींचा आवाज द्यायलाच बसवलं. त्या अशा रंगात आल्या की लिहून दिलेलं बाजूला ठेवून त्यांनी कबुतराला स्वतःच्या पदरचे चार शब्द सुनावले, आणि चिकटपट्टीने ते तसेच ठेवले.

गोष्ट अगदी साधी. आजींच्या खिडकीत कबूतर येऊन बसतं. आजी त्याला हाकलतात, ते जात नाही. आजी रागावतात, समजावतात, धमकावतात. शेवटी दमून पडलेल्या दाताच्या फटीतून एक लांब शिट्टी घालतात, आणि कबूतर मान वाकडी करून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघतं. बस. सहा मिनिटं.

सोमवारी पत्रक लागलं, आणि बुधवारी संध्याकाळी कच्चा पडदा होता.

कच्चा पडदा ही इथल्या मंडळींची जुनी पद्धत. कलाकेंद्राच्या वरच्या मजल्यावर, पांढऱ्या भिंतीवर, ज्याचं जे अर्धवट असेल ते त्याने दाखवायचं. बघणाऱ्यांनी फक्त काय समजलं नाही तेवढंच बोलायचं. ‘छान’ हा शब्द म्हणायची बंदी. जो म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. बत्तिशी पहिल्यांदाच आली होती, आणि वाळूवाल्यांचं काम बघून तिच्या तोंडून “अगंबाई, किती छा—” निघालंच.

“कप!” सगळे एका सुरात ओरडले.

“अर्धाच म्हणाले!”

“मग अर्धे कप,” ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झालेले, आणि या मंडळींत सर्वांत खडूस नजरेचे.

मग दिवा मालवला आणि भिंतीवर आजी आल्या.

बत्तिशीने आजवर त्यांना चिकटपट्टीच्या लॅपटॉपवर पाहिलं होतं, बोटभर. आता तो चेहरा खोलीच्या दाराहून मोठा होता. स्वेटरच्या लोकरीचा धागा न् धागा दिसत होता. आजी बोलू लागल्या. ती तोंडं! तिने भिंगाखाली घासलेली ती तोंडं आता भिंतभर उघडत होती, मिटत होती, चिडत होती. सहा मिनिटं संपली. आजींनी शिट्टी घातली. दिवा लागला.

“मला एक समजलं नाही,” मास्तर म्हणाले. “आजींना दात कधी आला?”

“म्हणजे?” चिकटपट्टी म्हणाली.

“सुरुवातीला पुढचा एक दात नाहीये. निम्म्यावर आला. आणि मग जी फटच राहिली नाही, तिच्यातून शिट्टी कशी वाजते? या वयात दात येत असतील तर पत्ता द्या, मलाही चार हवेत.”

कुणी हसलं नाही. चिकटपट्टीने सिनेमा मागे नेला, पुढे नेला, थांबवला. पहिल्या निम्म्यात, मातीच्या तोंडांत, समोर काळी फट. दुसऱ्या निम्म्यात, बत्तिशीच्या तोंडांत, तिथे एक सुरेख, शुभ्र, शेजाऱ्यांना साजेसा दात. लॅपटॉपवर तो तिळाएवढाच होता. भिंतीवर तो उशीएवढा होता.

बत्तिशीच्या तोंडचं पाणी पळालं.

कसं झालं ते तिला त्याच क्षणी कळलं. एखाद्याची जुनी कवळी येते, तिचा एक दात तुटून पडलेला असतो, आणि तशीच नवी हवी असते. तेव्हा कुणी सांगत बसत नाही की बाई, तो दातही बसवा. तो बसवायचाच असतो! मातीच्या तोंडांतली ती फट बघून तिच्या मनात आलं होतं, अरेरे, पोरीच्या बाहुलीचा दात गळून पडलाय. आणि तिच्या हातांनी तो बसवला होता. एका तोंडात नव्हे, सगळ्याच्या सगळ्या तोंडांत. प्रेमाने.

“अगं, मीच बसवला,” ती म्हणाली. “फट दिसली, बसवला.”

चिकटपट्टीने तिच्याकडे बघितलं. मग मनगटावरच्या रोलचं टोक नखाने सोडवत राहिली. “आणि मी दीड महिना तो दात बघत होते,” ती हळूच म्हणाली. “मला तुमची तोंडं इतकी आवडली होती ना ताई, की मी मोजलेच नाहीत.”

“संगणकावर पुसता येईल?” कुणीतरी विचारलं.

“एकेक फोटो हाताने पुसावा लागेल. महिना जाईल.”

संयोजक बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. अ‍ॅनिमेशन दिवसाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्या वाईट नव्हत्या, पण पाल्हाळ त्यांना चालत नसे. “मोठ्या सभागृहात सुरुवातीलाच हे लावलं तर लोक आजींना सोडून दातच बघतील,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी दुपारी मला पुन्हा दाखवा. जमलं नाही तर सुरुवात वाळूवाल्यांची, आणि आजी पुढच्या वर्षी.”

बत्तिशीने खाली मान घालून कप विसळले. अर्धे नाही, सगळे.

घरी आल्यावर नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि विनोद गिळला. तिने बहिणीला सांगून ठेवलं होतं, पाचही दंतवैद्यांना सांगितलं होतं, कोपऱ्यावरच्या वाण्यालासुद्धा सांगितलं होतं की रविवारी अकराला या, माझं काम पडद्यावर आहे. आयुष्यात पहिल्यांदा काम दिसणार होतं. दिसलंही, आणि दिसलं म्हणजेच बिघडलं.

“आता काय तोंड दाखवू त्या पोरीला?” ती म्हणाली.

“तोंडंच तर दाखवलीस,” सासूबाई म्हणाल्या. “आता जेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी नुसती बसून होती. दार वाजलं. शेजारीण होती, काहीतरी मागायला आलेली.

“आले हं, आले, एक मिनिट!” सासूबाई आतून म्हणाल्या. पण दाराकडे न जाता त्या आधी भिंतीकडे वळल्या. चष्म्याच्या डबीतून काहीतरी काढलं, बाहीला पुसलं, मान खाली घालून तोंडात सरकवलं, जिभेने वर दाबलं, ओठ दोनदा मिटून बघितले. मग वळल्या, आणि पूर्ण ओळीचं, देखणं हसू घेऊन दार उघडायला गेल्या.

एका दाताची कवळी. बत्तिशीनेच करून दिली होती. घरात त्या ती कधी घालत नसत, म्हणायच्या टोचते. लोकांसमोर मात्र दाताशिवाय एक शब्द बोलत नसत. असे कितीतरी होते तिच्या ओळखीत. कुणी खाताना काढतं, कुणी झोपताना, कुणी भांडताना.

कुणी भांडताना!

बत्तिशी उठली, तशीच, पूड लागलेल्या एप्रनमध्ये, आणि शेजारणीला ओलांडून रस्त्यावर धावली.

“अहो, काय झालं हिला?” शेजारीण म्हणाली.

“काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “काल दात आलाय.”

सायकलच्या दुकानावरचा जिना ती एका दमात चढली. चिकटपट्टी जमिनीवर बसून एकेका फोटोतला दात पुसत होती. सकाळपासून अकरा झाले होते आणि अकराही फोटोंत आजी मारामारी करून आल्यासारख्या दिसत होत्या.

“पुसू नकोस!” बत्तिशी धापा टाकत म्हणाली. “तो दात आजींचाच आहे. खोटा आहे. डबीत ठेवतात. आधी कबुतराला नुसत्याच ओरडतात, ते ऐकत नाही. मग म्हणतात, थांब, आता तुझ्याशी नीटच बोलते. दात घालतात. म्हणजे आता प्रकरण गंभीर.”

चिकटपट्टीचे डोळे मोठे होत गेले. “आणि शिट्टीच्या आधी...”

“काढतात!”

“ताई!”

“फक्त दोन नवी दृश्यं लागतील. घालतानाची आणि काढतानाची.”

“आणि शिट्टीचं एक नवं तोंड, फटीचं.” चिकटपट्टी उभीच राहिली, मग लॅपटॉप ओढून तिने आवाज लावला. पहिल्या निम्म्यातला सासूबाईंचा ‘स’ फुसफुसत होता. दुसऱ्या निम्म्यातला स्वच्छ होता. “हे मला कधी कळलंच नाही. असं का?”

बत्तिशी ऐकत राहिली आणि मटकन स्टुलावर बसली. “पहिला भाग तू आमच्या घरी घेतलास. दुसरा कलाकेंद्रात, परक्या माणसांसमोर. तिथे आई दात घालून आल्या होत्या!”

दोघी इतक्या मोठ्याने हसल्या की खालून सायकलवाल्याने छताला काठी मारली.

पण हसून भागणार नव्हतं. कामाला लागल्यावर बत्तिशीचा हात पहिल्यांदाच अडला. एका तोंडात फट ठेवायची, मुद्दाम, हे सोपं नव्हतं. दोनदा तिचा चिमटा दाताकडे आपोआप वळला. आणि तो सुटा दात! तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी पट्टी, तिच्यावर एक दात, बाजूला पकडायला केसासारखी तार.

“तार कुणाला दिसणारे?” चिकटपट्टी म्हणाली.

“काल भिंत बघितली ना मी? दोरखंडासारखी दिसेल. आणि तार नसेल तर दात राहील कशावर? आजी बोलता बोलता गिळतील.”

खोलीत चालायची मनाई होती. जमीन लाकडी, पाऊल टाकलं की आजी थरथरायच्या. खाली दुकानाचं शटर वर-खाली झालं की थांबायचं. बत्तिशी स्टुलावर श्वास रोखून बसली. चिकटपट्टीने बाहुलीचा हात केसभर उचलला. फोटो. अजून केसभर. फोटो.

“थांब, असा नाही घालत,” बत्तिशी कुजबुजली. “समोर बघत कुणी दात बसवत नाही. आधी पाठ फिरवायची.”

“कबुतराकडे पाठ?”

“मग काय! लाज असते माणसाला.”

म्हणून आजींनी पाठ फिरवली. आता कबुतराने काय करायचं? चिकटपट्टीने थोडा विचार केला आणि त्याची मान लांब केली. आजी जशा जशा वळतात तसं तसं ते वाकून बघायला लागलं, शेजाऱ्याच्या घरात डोकावावं तसं. दोघींना हसू आवरेना, आणि हसायची तर सोय नव्हती. बत्तिशीने तोंडात एप्रनचं टोक कोंबलं.

दात आजींच्या बोटांना चिकटवायला तिने लॅबमधलं मेण आणलं होतं. दिव्याखाली ते मऊ पडलं, आणि ऐन ओठांपाशी दात निसटून खाली गेला. दोघी गुडघ्यांवर. फळीच्या भेगा, टेबलाखाली, चपलांत. कुठे नाही. शेवटी चिकटपट्टीने केस मागे सारायला हात वर केला, आणि तिच्या मनगटावरच्या रोलला चिकटून आजींचा दात लकाकत होता.

शुक्रवारी दुपारी संयोजक बाईंनी सिनेमा ऑफिसातल्या पडद्यावर पाहिला. सगळा, सहा मिनिटं आणि वरची काही. चेहरा ढिम्म हलला नाही. बत्तिशी सवयीने त्यांच्या ओठांकडे बघत होती. ते घट्ट मिटलेले होते. संपल्यावर बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“परवा अकराला,” त्या म्हणाल्या. “वेळेवर या. उशिरा येणाऱ्यांना मी आत सोडत नाही, मग ते कुणाचीही तोंडं करोत.”

रविवारी सभागृह भरलं. पायऱ्यांवर माणसं बसली. बहीण आली, वाणी आला, पाचांपैकी चार दंतवैद्य आले आणि एकमेकांना बघून जरा अवघडले. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो प्रत्येक ओळखीच्या माणसाला “तोंडं आमची आहेत” असं सांगत होता. बत्तिशी पुढून तिसऱ्या रांगेत, चिकटपट्टीच्या शेजारी. सासूबाई पलीकडे, ताठ. दिवे गेले.

आजी आल्या. कबूतर आलं. आजी ओरडल्या, फुसफुसत्या ‘स’ने, काळ्या फटीने. लोक खुसखुसले. कबूतर हललं नाही. मग आजी थांबल्या. इकडे तिकडे बघितलं, आणि वळून पाठ केली. कबुतराची मान लांब झाली. हात डबीत गेला. पडद्यावर, दाराहून मोठ्या बोटांत, एक दात वर आला, तारेसकट.

बत्तिशीने चिकटपट्टीचं मनगट रोलसकट आवळलं.

आणि मग हसू आलं. आधी मागून कुठूनतरी एकाच माणसाचं, फटकन. मग सगळीकडून, पायऱ्यांवरून, गॅलरीतून, लाटेसारखं पुढे पुढे. बत्तिशीला राहवलं नाही. ती खुर्चीत वळली आणि तिने मागे बघितलं.

पडद्याच्या उजेडात शेकडो तोंडं उघडी होती. पुढे आलेले दात, किडलेले, सोन्याने मढवलेले, पोरांचे नुकते पडलेले, तारा लावलेले. कुणी हात धरला होता तोंडावर, कुणी धरायचं विसरला होता. चौथ्या रांगेत ड्रॉइंगचे मास्तर मान मागे टाकून हसत होते आणि वरची ओळ जवळजवळ सगळी रिकामी होती. संयोजक बाई दाराशी उभ्या होत्या, त्यांचेही दात आज पहिल्यांदाच दिसले. पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, गोड. ती एकेक तोंड बघत गेली. काय दुरुस्त करायचं, हे तिच्या मनातही आलं नाही. हसू ओसरत आलं की आजी काहीतरी बोलायच्या आणि ते पुन्हा उसळायचं.

अचानक शांतता झाली, आणि तिच्या पाठीमागे, म्हणजे पडद्यावर, एक लांब शिट्टी वाजली. टाळ्यांचा कडकडाट. ती गर्रकन वळली तोवर पडद्यावर नावं सरकत होती.

“झाली शिट्टी?” तिने विचारलं.

“झाली! ताई, तुम्ही कुठे बघत होतात?”

“मागे.”

“फट बघितलीच नाहीत? एवढी मरमर करून केलेली?”

“किती हसतायत गं सगळे,” बत्तिशी म्हणाली. ती स्वतःही तोंडभर हसत होती.

दिवे लागले. संयोजक बाई माईकजवळ जाऊन सांगू लागल्या की बाहेर अजून बरीच माणसं उभी आहेत, सबब हा बाहुलीपट चार वाजता पुन्हा दाखवला जाईल, आणि ज्यांनी तो केला त्यांनी कृपया वर यावं. चिकटपट्टीने तिला हाताला धरून उठवलं. नवरा मागून ओरडला, “जा गं!” पायऱ्या चढताना बत्तिशीच्या लक्षात आलं की एप्रन घरी राहिलं तरी पूड मात्र बाहीवर आलीच आहे, आणि ती झटकायला काही ती थांबली नाही.